वाड्यांतील स्वयंपाकघर कोठें आहे ?

आवडती मालिका पाहून संपली, म्हणजे ती जेथें चित्रित झाली तें स्थळ एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, ही हौस अलीकडे फार वाढली आहे. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांचे काका, मावशी किंवा थोरले भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतात. त्यांच्याकडे आईवडील जाऊन येतात, आणि परत आल्यावर जीं छायाचित्रें दाखवितात त्यांत लंडनच्या पुलाबरोबर आणि राजवाड्याबरोबर एक तिसरेंच घर हटकून असतें. फिक्या पिवळसर दगडाचें, कोपऱ्यांवर बुरूज आणि मध्यें उंच मनोरा असलेलें, पुढें विस्तीर्ण हिरवळ पसरलेलें असें तें घर. 'डाउन्टन ॲबी' ह्या इंग्रजी मालिकेंतील वाडा तो हाच. ह्या हौसेंत चांगलें काय आणि उणें काय, ह्याचा थोडा विचार विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवावा, म्हणून हा लेख.

ज्यांनीं ही मालिका पाहिली नसेल त्यांच्याकरितां थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. ज्युलियन फेलोज हे तिचे कर्ते. तिचा पहिला भाग २६ सप्टेंबर २०१० रोजीं दाखविला गेला आणि शेवटचा २०१५ च्या नाताळच्या दिवशीं; एकंदर भाग ५२. पुढें २०१९, २०२२ व २०२५ ह्या सालीं त्याच कथेवर तीन चित्रपटही निघाले. कथा यॉर्कशायर परगण्यांतील एका अर्लच्या घराण्याची आहे. एप्रिल १९१२ मध्यें 'टायटॅनिक' जहाज बुडाल्याची वार्ता येते, तींत घराण्याचा वारस गेल्याचें कळतें, आणि तेथून आरंभ होऊन १९२५ साल संपतांना मालिका संपते. परंतु तिची खरी गोडी दुसऱ्याच गोष्टींत आहे. घर एक आणि बिऱ्हाडें दोन : वर जेवणारे आणि खालीं रांधणारे. वर अर्ल, त्याची पत्नी, तीन मुली आणि जिभेला धार असलेली म्हातारी आई. खालीं बटलर कार्सन, कारभारीण मिसेस ह्यूज, स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर आणि पहाटे सर्वांच्या आधीं उठून चुली व शेगड्या पेटविणारी पोरगी डेझी. ह्या दोन मजल्यांमधील जिन्यावरून माणसें, ताटें, निरोप आणि गुपितें सारखीं वरखालीं होत असतात, आणि प्रेक्षकाचें मन त्या जिन्यावरच खिळून राहतें.

आतां कांहीं वडीलमंडळी विचारतात कीं, जें मुळांत खोटें, तें जेथें खोटेंच केलें गेलें, ती जागा पाहण्यासाठीं इतका पैसा खर्च करण्यांत शहाणपण तें कोणतें ? आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु हायक्लिअर कॅसल ह्या घरापुरता तो मुळींच टिकत नाहीं. येथें नाटकापेक्षां घराचाच इतिहास अधिक भरीव आहे.

हायक्लिअर हें दक्षिण इंग्लंडांतील हँपशायर परगण्यांत, न्यूबरी शहराच्या जवळ आहे. कथेंतील यॉर्कशायर तेथून फार दूर, उत्तरेस. कार्नार्व्हन घराण्याची वस्ती ह्या जागीं १६७९ पासून आहे. जुन्या घराला आजचें रूप १८४२ नंतरच्या वर्षांत मिळालें, आणि तें देणारा शिल्पी म्हणजे चार्ल्स बॅरी. लंडनचें पार्लमेंटभवन उभारणारा तोच. म्हणूनच त्या दोन इमारतींत भावंडांसारखें साम्य दिसतें. भोंवतालचें उपवन 'केपेबिलिटी' ब्राउन ह्या प्रख्यात उद्यानकाराच्या हातचें. आंत ग्रंथालयांत साडेपांच हजारांहून अधिक ग्रंथ आहेत; मधल्या दिवाणखान्याच्या भिंतींना सतराव्या शतकांतील स्पेनचें नक्षीदार कातडें लावलेलें आहे; आणि भोजनगृहांत व्हॅन डाइकनें काढलेलें राजा पहिला चार्ल्स ह्याचें अश्वारूढ चित्र टांगलेलें आहे. मालिकेंतील मंडळी ज्याच्याखालीं बसून काट्याचमच्यांनीं भांडतात, तें हेंच चित्र.

ह्या घराचा पांचवा अर्ल मोटारीच्या अपघातानंतर प्रकृति खालावल्यामुळें हिंवाळ्यांत इजिप्तच्या कोरड्या हवेंत जाऊं लागला, आणि तेथें त्याला उत्खननाचा नाद लागला. हॉवर्ड कार्टरला वर्षानुवर्षें पैसा पुरविणारा तो हाच. ४ नोव्हेंबर १९२२ रोजीं कार्टरच्या माणसांना वाळूंत एक पायरी लागली. अर्ल तेव्हां इंग्लंडांत होता, त्याला तारेनें बोलावून घेण्यांत आलें, आणि तुतनखामेन राजाचें थडगें जगापुढें आलें. पुढच्याच एप्रिलांत तो कैरो येथें मरण पावला. हायक्लिअरजवळच्या बीकन हिल ह्या टेकडीवर त्याला पुरलें आहे. (मालिकेंतील अर्लच्या कुत्र्यांचीं नांवें प्रथम 'फॅरो' आणि मग 'आयसिस' अशीं आहेत, त्यांतील खोंच ज्याला हा इतिहास ठाऊक आहे त्यालाच कळते.)

त्याच अर्लची पत्नी लेडी अल्मिना. १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच तिनें वाडा जखमी शिपायांसाठीं रुग्णालय म्हणून उघडला, स्वतः शुश्रूषेला उभी राहिली, आणि पुढें तें काम लंडनास नेऊन चालू ठेविलें. मालिकेच्या दुसऱ्या पर्वांत घराचें आरोग्यधाम होतें आणि धाकटी मुलगी परिचारिका होते, तें पाहून कित्येकांस ती लेखकाची कल्पना वाटते. वस्तुतः कल्पनेच्या आधीं सत्य घडून गेलें होतें, आणि तें अधिक मोठें होतें. दुसऱ्या महायुद्धांत तर लंडनच्या बाँबवर्षावांतून हलविलेलीं लहान मुलें ह्याच छपराखालीं राहिलीं. अशा घराला जो कोणी मालिकेच्या निमित्तानें का होईना, जाऊन येतो, त्याला वेडा कोण म्हणेल ?

शिवाय ह्या हौसेनें घर जगलें आहे, हेंही विसरतां येत नाहीं. २००९ च्या सुमारास हायक्लिअरची स्थिति बिकट होती. छपरांतून पाणी झिरपून वरच्या मजल्यांवरील अनेक खोल्या राहण्याजोग्या उरल्या नव्हत्या, आणि एकंदर दुरुस्तीचा अंदाज एक कोटी पौंडांच्या वर गेल्याचें वृत्तपत्रांत आलें होतें. मालिका गाजली, लोकांची रीघ लागली, आणि तिकिटांच्या पैशांतून दुरुस्त्या होऊं लागल्या. अर्लचें कुटुंब अद्याप त्या जागीं राहतें, म्हणून वाडा वर्षांतून थोडेच दिवस खुला असतो आणि जागा आधीं राखून ठेवावी लागते. विसाव्या शतकांत इंग्लंडांतील असे शेंकडों वाडे पाडले गेले. १९७४ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयानें त्या संहाराचें एक प्रदर्शनच भरविलें होतें. एक मालिका एका घराचें छप्पर शाकारते, तर तिला दोष कां द्यावा ?

इतकें मान्य करून मग मुख्य मुद्द्याकडे वळतों. हायक्लिअरचा दरवाजा ओलांडून आंत गेलेला प्रेक्षक ग्रंथालय ओळखतो, मोठा ओकचा जिना ओळखतो, भोजनगृह ओळखतो. मग कांहीं वेळानें त्याच्या, किंवा बहुधा त्याच्या मुलाच्या, तोंडून प्रश्न येतो : "स्वयंपाकघर कोठें आहे ?" डेझीची शेगडी कोठें, नोकरांचें लांबलचक मेज कोठें, ज्या भिंतीवर ओळीनें घंट्या टांगलेल्या आणि प्रत्येकीखालीं खोलीचें नांव लिहिलेलें, ती भिंत कोठें ?

ती तेथें नाहीं. ती तेथें कधींच नव्हती. मालिकेंतील खालचा मजला, म्हणजे स्वयंपाकघर, नोकरांचा दिवाणखाना, कारभारणीची खोली, तसेंच माळ्यावरील नोकरांच्या झोपण्याच्या खोल्या, हें सारें लंडनच्या पश्चिम भागांतील ईलिंग येथील चित्रशाळेंत उभारलेलें होतें. लांकडाचें, पुठ्ठ्याचें आणि रंगाचें. हायक्लिअरच्या मूळ स्वयंपाकघराचें रूप काळाच्या ओघांत केव्हांच पालटलें होतें, तें चित्रणाच्या कामाचें राहिलें नव्हतें. हायक्लिअर व ईलिंग ह्यांत सुमारें ५० मैलांचें अंतर आहे. चाकर हातांत ताट घेऊन खालून निघतो आणि दार ढकलून वर भोजनगृहांत येतो, तेव्हां तें ताट एका दारांतून दुसऱ्या परगण्यांत पोंचलेलें असतें. आणि आज हायक्लिअरच्या तळघरांत कोणी उतरलाच, तर त्याला काय दिसतें ? इजिप्तचें प्रदर्शन. डेझीला शोधावयास जावें आणि फॅरो भेटावा, असा हा प्रकार !

ह्यांत वाड्याच्या धन्याचा कांहीं अपराध आहे असें मी म्हणत नाहीं. माणसें नव्या काळांत जुन्या चुलीवर रांधीत बसत नाहींत. स्वयंपाकघर हें नेहमींच पहिल्यानें बदलतें, आणि दिवाणखाना सर्वांत शेवटीं. मला चिंता आहे ती पाहणाऱ्याची. घरीं बसून मालिका पाहतांना त्यानें दोन्ही मजल्यांवर प्रेम केलें. किंबहुना खालच्यावर कांकणभर अधिकच. प्रत्यक्ष स्थळीं मात्र त्याच्या वांट्याला एकच मजला येतो, आणि तोही इतका झळाळणारा कीं, दुसरा दिसला नाहीं ह्याची रुखरुखही चार पावलांत मावळते. दगडांत टिकली ती धन्याची बाजू. चाकरांची बाजू पुठ्ठ्याची, काम झालें कीं मोडून टाकावयाची. मालिकेनें जें समान वांटून दिलें होतें, तें यात्रेनें पुन्हां असमान करून टाकलें.

आणि ही खालची बाजू लहान नव्हती. इंग्लंड व वेल्समधील १९११ च्या खानेसुमारींत स्त्रियांचा सर्वांत मोठा एकच धंदा कोणता, तर घरकामाची चाकरी. बारा लाखांहून अधिक स्त्रिया व मुली त्यांत होत्या. त्यांतील पुष्कळ जणी आमच्या वरच्या वर्गांतील मुलींच्याच वयाच्या. मार्गारेट पॉवेल ही अशांपैकींच एक. तेराव्या वर्षीं तिनें शिष्यवृत्ति मिळविली होती. तिला शिक्षिका व्हावयाचें होतें. परंतु तितकीं वर्षें तिला न कमावतां पोसण्याची आईबापांची ऐपत नव्हती. शाळा सुटली, आणि पंधराव्या वर्षीं ती समुद्रकांठच्या होव्ह गांवीं एका घरांत स्वयंपाकघरांतील मोलकरीण म्हणून राहिली. उतारवयांत तिनें पुन्हां अभ्यास धरला, परीक्षा दिल्या, आणि १९६८ मध्यें 'बिलो स्टेअर्स' हें आपल्या चाकरीच्या दिवसांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. 'डाउन्टन ॲबी'च्या मुळाशीं जीं पुस्तकें आहेत, त्यांत ह्याची गणना होते.

हें ठाऊक झालें म्हणजे मालिकेंतील दोन लहान प्रसंगांकडे वेगळ्या दृष्टीनें पाहावेंसें वाटतें. ग्वेन नांवाची मोलकरीण आपल्या माळ्यावरील खोलींत टंकयंत्र लपवून ठेवते. तिला पत्रद्वारां शिकून चिटणीस व्हावयाचें असतें, आणि यंत्र उघडकीस येतें तेव्हां जणूं कांहीं चोरीचा माल सांपडावा तशी सारीं वडील माणसें तिच्याभोंवतीं गोळा होतात. दुसरा प्रसंग मोल्सली ह्या चाकराचा. आयुष्यभर दुसऱ्याचे कोट झटकलेला हा मनुष्य उत्तरवयांत गांवच्या शाळेंत शिक्षक होतो. पहिल्या दिवशीं मुलें त्याची खोडी काढतात. मग आपणही चाकरच होतों आणि जें आलें तें स्वतःच शिकलों, असें तो त्यांना सांगतो, तेव्हां वर्ग शांत होतो. शिक्षकाच्या पेशांतील माणसाला हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनीं पाहवत नाहीं. हे दोन्ही प्रसंग खालच्या माणसांचे, आणि त्यांपैकीं ग्वेनची माळ्यावरील खोली शोधावयास निघालेल्याला ती हायक्लिअरच्या माळ्यावर खचित सांपडणार नाहीं.

मालिकेचें गांवही असेंच तुकड्यांतुकड्यांचें आहे, तें थोडक्यांत सांगतों. डाउन्टन गांव म्हणून जें दिसतें तें ऑक्सफर्डशायरमधील बँप्टन. वाड्यापासून सरळ रेषेंत सुमारें ३० मैल. तेथील सेंट मेरीचें देवालय मालिकेंतील लग्नांचें देवालय झालें, आणि जुन्या ग्रामर स्कूलची इमारत, जींत आतां गांवचें ग्रंथालय आहे, ती रुग्णालय झाली. आगगाडीचें स्थानक ससेक्समधील हॉर्स्टेड कीन्स. वाड्यापासून सुमारें ६० मैल. बँप्टन हें नाटकाचें पाठ्यचित्र नसून नांदतें गांव आहे. लोक तेथें राहतात, त्यांच्या खिडक्यांतून डोकावूं नये, इतकें तरी आपल्या मुलांना बजावून न्यावें.

ह्या तुकड्यांत आपल्या मुंबईचाही एक तुकडा आहे, पण तो पडद्यावर नाहीं. कथेंतील श्रिंपी नांवाचे एक उमराव नातेवाईक सरकारी हुद्द्यावर मुंबईस पाठविले जातात. त्यांची मुलगी रोझ मागें डाउन्टनला राहते. झालें, मुंबई म्हणजे एवढेंच. जेथून माणसें पत्रें लिहितात आणि कंटाळून परत येतात, अशी एक दूरची जागा. नोकरांना निदान पुठ्ठ्याचें कां होईना, स्वयंपाकघर मिळालें. मुंबईला तेवढेंही मिळालें नाहीं. मात्र वाड्यांना हा प्रश्न विचारणारे लोक तिकडेही आहेत. जुनीं घरें सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेनें २०२० सालीं आपल्याच ताब्यांतील घरांचा वसाहतींशीं व गुलामगिरीशीं असलेला संबंध तपासून अहवाल काढला, त्यांत ९३ स्थळें निघालीं. त्यावर मोठें वादळ उठलें. तरी अहवाल निघाला, ही गोष्ट मला त्या संस्थेस भूषणावह वाटते.

तेव्हां माझें मत असें : हायक्लिअरला अवश्य जावें. तिकीट काढावें, चार्ल्स राजाचें चित्र पाहावें, हिरवळीवर चहा घ्यावा. परंतु जाण्यापूर्वीं मार्गारेट पॉवेलचें पुस्तक वाचून जावें, आणि आंत फिरतांना प्रत्येक खोलींत मनाशीं हिशेब करावा कीं, येथील शेगडीला कोळसा कोणत्या जिन्यानें येत असेल, आणि किती वाजतां. एका दिवसाची सवड आणखी असेल, तर ज्या पैशांत लोक बँप्टन आणि हॉर्स्टेड कीन्स धुंडाळतात, त्यांत एक वेगळा प्रवास करावा. मालिकेचें चित्रण तेथें झालेलें नाहीं. पण मालिकेचा जो अर्धा भाग हायक्लिअरला सांपडत नाहीं, तो तेथें सांपडतो.

तें घर म्हणजे वेल्समध्यें रेक्सम शहराजवळचें एर्डिग. यॉर्क घराण्याचें हें घर. ह्या घराण्यांत एक विलक्षण चाल होती : धनी आपल्या नोकरांचीं चित्रें काढवून घेत आणि त्यांवर स्वतः पद्यें रचीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा परिपाठ सुरू झाला. सुतार, शिकारी, लोहार ह्यांच्याबरोबर जेन एब्रेल ह्या म्हाताऱ्या मोलकरणीचेंही तैलचित्र १७९३ मध्यें निघालें, हातांत कोळिष्टकें झाडण्याचा झाडू घेतलेलें. पुढें छायाचित्रांचा काळ आला, तेव्हां चाकरमंडळी आपापलीं हत्यारें घेऊन पायऱ्यांवर ओळीनें बसलीं. पद्यें धन्याचीं आहेत, नोकरांचीं नव्हेत, हें खरें. त्यांतली थट्टा कधीं कधीं वरून खालीं पाहणारीच आहे. तरीही नांवें राहिलीं, चेहरे राहिले. खालीं कोळशाच्या खाणी गेल्यामुळें हें घर खचूं लागलें होतें. शेवटचे धनी फिलिप यॉर्क ह्यांनीं १९७३ सालीं तें नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केलें, आणि दुरुस्ती होऊन १९७७ मध्यें तें लोकांस खुलें झालें. त्या वेळीं ट्रस्टनें पाहुण्यांचा प्रवेश पुढच्या दारानें ठेविला नाहीं. लोकांना मागच्या अंगणांतून नेलें : आधीं सुतारशाळा, मग तबेले, धुलाईघर, भट्टी, पुढें मोठें स्वयंपाकघर आणि नोकरांच्या चित्रांनीं भरलेला त्यांचा दिवाणखाना, आणि धन्याचें भोजनगृह त्यानंतर.